उंदराचं औषध

मच्छिंद्र पुण्यात उंदरांची डोकी फोडतो, ही बातमी केदारखेड्यात पहिल्यांदा सांगितली ती त्याच्या थोरल्या भावानं, रामकिसननं, आणि तीही छाती फुगवून.

छाती फुगवायला त्याला कारण होतं. बाप गेला तेव्हा रामकिसन आठवीत होता आणि मच्छिंद्र तिसरीत. दोघांपैकी एकाचीच शाळा घराला झेपणार होती. रामकिसननं कुणाला न विचारता दप्तर खुंटीला टांगलं, नांगराला हात घातला आणि पुढं धाकट्याला सायकलवर डबलसीट बसवून भोकरदनच्या हायस्कुलात सोडत राहिला. तिथून मच्छिंद्र औरंगाबादला गेला, एम.एस्सी. झाला आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागला. त्याच्या गाइड अरुंधती मॅडम मूळच्या जालन्याच्याच, वकिलाच्या घरातल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "उंदीर मारायला हात धजेल ना?" तो म्हणाला होता, "धजेल." खेड्यातल्या पोराला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

पंच्याण्णवच्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा रामकिसननं त्याला ओट्यावर बसवून घेतलं. "तू नेमकं करतोस तरी काय रे तिकडं? लोक इचारत्यात, मला सांगता येत न्हाई."

मच्छिंद्रला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. तो सांगू लागला, "दादा, मेंदूतल्या रक्ताच्या नळ्या बाकीच्या अंगातल्यासारख्या नसतात. त्यांच्या आतल्या पेशी एकीला एक अशा घट्ट बसलेल्या असतात की नको ते रक्तातून मेंदूत उतरत न्हाई. डोक्याला जोराचा मार बसला की ती वीण उसवते. मंग रक्तातलं पाणी मेंदूत झिरपतं आणि मेंदू फुगतो. कवटी तर काही फुगत न्हाई. माणूस मारानं वाचतो आणि सुजीनं जातो."

"मंग?"

"मंग अंगातच एक पदार्थ तयार होतो. पेशीला जग, वाढ म्हणून सांगणारा. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. मार लागल्याबरोबर तो जखमेवर सोडला तर वीण टिकते. आम्ही उंदराच्या रक्तात निळा रंग सोडतो. औषध न दिलेल्याचा मेंदू मार लागला तिथं निळा होतो. औषध दिलेल्याचा बहुतेक पांढराच राहतो. मी डोळ्यांनी बघितलंय दादा."

हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. ओसरीत निवडण-टिपण करणाऱ्या आईनं, दुर्गाबाईनं, मान वर करून पाहिलं. रामकिसनची बायको तुळजाबाई तान्ह्या मंदाला घेऊन दाराशी उभी राहून ऐकत होती.

"उंदराचं झालं. माणसाचं?" रामकिसननं विचारलं.

"माणसापर्यंत यायला लई वर्षं लागतील. कदाचित येणारही न्हाई."

हे शेवटचं वाक्य रामकिसनच्या कानावर पडलं नाही, किंवा पडलं आणि त्यानं ते खाली टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात तो चार लोकांना सांगत होता, "माह्या भावानं मेंदूचं औषध काढलं. डोकं फुटलेला माणूस उठून बसतो."

मच्छिंद्र तिथंच होता. त्यानं दुरुस्ती केली नाही. भावाच्या तोंडावरचा तो उजेड घालवणं त्याला जमलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये, शाळूचा कडबा वाहून नेताना, रामकिसन गावातल्याच कडूबाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला. ट्रॉली दोन पुरुष उंच भरली होती, चाक खड्ड्यात गेलं आणि वरच्या पेंढ्यांसकट तो डांबरी रस्त्यावर आला. रक्त फार आलं नाही, म्हणून लोकांना वाटलं थोडक्यात निभावलं. आरोग्य केंद्रात पट्टी बांधली. मग त्याला उलटी झाली आणि एक डोळा उघडेना. जीप शोधण्यात वेळ गेला, जालन्याला पोचायला वेळ गेला.

प्रयोगशाळेतला फोन वाजला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पलीकडं कडूबा होता, एसटीडी बूथवरून ओरडून बोलत होता. "मच्छिंद्रा, दादा पडला. डोक्यावर. शुद्ध न्हाई त्याला. तुझं ते औषध घेऊन जल्दी ये."

"किती वाजता पडला?"

"आकराच्या सुमाराला पडल्ता. तू निघ बरं."

मच्छिंद्रनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आधी वजाबाकी झाली आणि मग दादाचा चेहरा आठवला. हा क्रम तो पुढं कधी विसरला नाही. पाच तास होऊन गेले होते. त्यांच्या प्रयोगात मार लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत औषध पडलं तर वीण टिकत होती. तास उलटला की औषध दिलेला आणि न दिलेला मेंदू सारखाच निळा निघत होता. हे तक्ते त्यानंच भरले होते.

तरीही त्यानं डीप फ्रीझर उघडला, मोहरीएवढी भुकटी असलेली एक कुपी काढली, थर्मासमध्ये बर्फ भरला आणि कुपी त्यात ठेवली. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, त्यांना विचारलं नाही. का घेतली, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं त्या दारात उभं राहायचं त्याला धाडस नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो जालन्याला उतरला. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांपुढं पोती उतरवून घेणाऱ्या हातगाड्यांनी गल्ली तुंबली होती. त्यानं रिक्षा सोडली आणि थर्मास छातीशी धरून पळत सुटला. दवाखान्याच्या पायरीवर दुर्गाबाई बसली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. तिची नजर थर्मासवर गेली.

"आणलंस?"

"आणलं, माय."

"मंग इथं काय उभा राह्यलास? जा आत."

रामकिसन ओळखू येत नव्हता. पापण्या वांग्यासारख्या काळ्यानिळ्या होऊन मिटल्या होत्या, नाकात नळी होती, आणि पट्टीखालचं डोकं एका बाजूनं मोठं वाटत होतं. मच्छिंद्रनं त्याच्या पायाला हात लावला. भेगाळलेली टाच थंड होती.

दवाखान्याचे डॉक्टर मार्तंडराव म्हातारे सर्जन होते, कमी बोलणारे. ते म्हणाले, "काल औरंगाबादला नेऊन डोक्याचा फोटो काढला. गुठळी नाही, म्हणजे ऑपरेशन करण्यासारखं काही नाही. नुसती सूज आहे. तुमची माणसं म्हणाली जालन्यातच ठेवा, डबा आणायला सोपं पडतं. सूज उतरायचं औषध चालू आहे. उतरली तर वाचेल. कसा वाचेल ते मला विचारू नका." मग थर्मासकडं बघून म्हणाले, "तुमच्या आई सकाळपासून सांगताहेत, धाकटा औषध घेऊन येतोय. हेच का ते?"

"हेच. उंदराची कवटी आम्ही आधीच उघडलेली असते. मार दिला की लगेच मेंदूवर थेंब सोडतो."

"लगेच म्हणजे?"

"अर्ध्या तासाच्या आत."

"आणि इथं बावीस तास."

"हो."

डॉक्टरांनी थर्मासचं झाकण उघडून पाहिलं. "माणसाला कधी दिलंय कुणी?"

"नाही."

"मग ती बाटली बाहेर कुणाला दाखवू नका. तुमचे लोक माझ्या मानेवर बसून द्यायला लावतील." एवढं बोलून ते दुसऱ्या खाटेकडं गेले.

मच्छिंद्र कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला. बर्फाचं पाणी झालं होतं. त्यानं कुपी उघडली, उलटी केली, नळ सोडला. क्षणभर त्याच्या मनात आलं, की आपण उभं आयुष्य ज्याच्यासाठी अभ्यास करतोय ते दवाखान्याच्या दारातच डोकं आपटणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं आहे. केदारखेड्याच्या माणसाच्या नाही.

बाहेर सगळे उभे होते. आई, कडूबा, मंदाला कडेवर घेतलेली तुळजाबाई. बसमध्ये त्यानं सगळं सांगायची तयारी केली होती. वीण कशी उसवते, वेळ का महत्त्वाची, उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. एकेक वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"दिलंस?" दुर्गाबाईनं विचारलं.

तिचे ओठ कोरडे पडले होते. कालपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं.

"दिलं, माय."

दुर्गाबाईनं त्याचा उजवा हात धरला आणि आपल्या डोळ्यांना लावला. तुळजाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि मोकळ्या गळ्यानं रडली. कडूबानं कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. आपण काय केलं हे मच्छिंद्रला तेव्हाच कळलं होतं. पण म्हातारीनं तो चहा घेतला, आणि मग शब्द मागं घेणं त्याला जमलं नाही.

रामकिसन एकोणीस दिवसांनी डोळे उघडून बोलला. सूज उतरली होती. महिन्यानं घरी आला, चालू लागला, जेवू लागला. गावानं मच्छिंद्रचं नाव काढलं, दुर्गाबाईनं मारुतीला नारळ फोडला. हे कौतुक दीड-दोन महिने टिकलं.

मग हळूहळू कळत गेलं की उठला तो रामकिसन नव्हता. त्याला वास येईना, चव कळेना. भाकरी ताटात आहे की संपली हे दोनदा विचारी. स्वतःच्या शेताचा बांध ओलांडून दुसऱ्याच्या तुरीत जाऊन बसे. उंबऱ्यातच लघवी करी, आणि तुळजाबाई बोलली की हातात येईल ते फेकून मारी. एकदा पितळी तांब्या तिच्या कपाळाला लागला. ज्या माणसानं आयुष्यात बैलाला चाबूक लावला नव्हता, त्याचा हात आता रोज उठत होता. आणि घटकाभरानं तो सारं विसरून हसत बसे.

कुणी पहिल्यांदा म्हणालं हे कळलं नाही. पण पावसाळा संपेपर्यंत केदारखेड्यात पक्कं झालं होतं: मच्छिंद्रनं भावाला उंदराचं औषध दिलं. गावात उंदराचं औषध म्हणजे एकच, कणगीमागं ठेवतात ते. लोक आधी हसून बोलत, मग न हसता बोलू लागले. शिकलेल्यानं भावावर प्रयोग करून बघितला. उंदरं पुरली नसतील पुण्यात.

तुळजाबाईनं ते एकदा त्याच्या तोंडावर म्हटलं. "माणसाला न दिलेलं औषध माह्या नवऱ्याला टोचलं तुम्ही. मला एका शब्दानं इचारलं का?"

दुर्गाबाई आतून ओरडली, "त्यानं दिलं म्हणून जीव तरी वाचला. न्हाईतर तेव्हाच गेल्ता. पांढऱ्या कपाळानं बसली असतीस."

"त्याच्यापरीस बरं झालं असतं," तुळजाबाई म्हणाली.

मच्छिंद्र दोघींच्या मधे उभा होता. खरं बोलला तर आईचा आधार जाणार, आणि वर ती म्हणणार, हातात औषध असून भावाला दिलं नाहीस? न बोलला तर वहिनीचा शाप. त्यानं पिशवी उचलली.

पुण्यात त्यानं मॅडमना कुपीचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. रजिस्टरात "फुटली" असं लिहिलं आणि म्हणाल्या, "तू कवटी उघडणार होतास का त्याची? मग नेलीस कशाला?" त्यानं एक मागणं मागितलं, की उशिरा औषध देऊन पुन्हा एकदा प्रयोग करू द्या. तास, दोन तास, पाच तास. मात्रा वाढवून. मॅडम म्हणाल्या, "तुझं समाधान होणार असेल तर कर." रविवारी सगळे घरी असताना तो एकटा बसून उंदरांच्या मेंदूचे काप घ्यायचा. साठ उंदीर झाले. सगळे निळे. अठ्ठ्याण्णवमध्ये परदेशातल्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, तेव्हा त्या साठ उंदरांचं एका ओळीत झालं: विलंबानं दिल्यास संरक्षण आढळत नाही. मॅडमनी अभिनंदन केलं. आपला भाऊ त्या ओळीत आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या दिवशी त्याला डबा उघडवला नाही.

गावी तो वर्षातून दोनदा जात राहिला. त्यात सगळ्यात वाईट काय असेल तर रामकिसन. त्याच्या देखत इतकी वर्षं इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं: हा आला की सुई देतो. मच्छिंद्र उंबऱ्यात दिसला की तो दोन्ही दंड पोटाशी धरून आतल्या खोलीत जाई आणि दाराला आतून पाठ लावून बसे. "दादा, मी हाय. मच्छिंद्र." आतून लहान पोरासारखा आवाज येई, "नको रे बाबा. मी काही केलं न्हाई. नको."

दुर्गाबाई दोन हजार तीनच्या जानेवारीत गेली. शेवटपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, धाकट्यानं थोरल्याला मरणातून ओढून आणलं. तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले, आणि मच्छिंद्रला वाटलं, आता ज्याच्यासाठी खोटं बोललो ते माणूस राहिलं नाही. आता तरी सांगावं.

तुळजाबाई अंगणात पंगतीसाठी आणलेली शेजाऱ्यांची भांडी घासून एका जुन्या लुगड्यात बांधत होती. केस पांढरे झाले होते, कपाळावर तांब्याची खूण होती. मच्छिंद्र तिच्यासमोर उकिडवा बसला.

"वहिनी, एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी मी दादाला औषध दिलंच न्हवतं."

तिचे हात थांबले.

"थेंबभर पण न्हाई. बेसिनात ओतलं. उशीर झाल्ता. दिलं असतं तरी काही झालं नसतं. मायला न्हाई म्हणवेना, म्हणून दिलं म्हणालो."

"मंग ह्यांचं असं कशानं झालं?"

"मारानं. दुसऱ्या कशानंच न्हाई. सुजीत मेंदूचा काही भाग मेला."

"म्हंजे कुणीच काही केलं न्हाई."

"कुणीच न्हाई, वहिनी."

त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा एखादे वेळी म्हणेल की सात वर्षं उगाच बोलले. ती हातातलं पातेलं पदरानं पुसत राहिली.

"मी केलं," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "त्या दिवशी ते जात न्हवते. अंगात कणकण व्हती. मी म्हणाले, कडूबाचा ट्रॅक्टर रोज मिळत न्हाई, उठा. ते खाली कडूबाच्या बाजूला बसत व्हते. मीच म्हणाले, वर बसा, कडबा दाबून धरा, न्हाईतर रस्त्यानं पेंढ्या सांडत्यात. मी बसवलं त्यांना वर."

"त्यात तुमचा काय दोष? घरचं काम—"

"गप बसा." तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "हे मी कुणाला सांगितलं न्हाई. म्हातारीलाबी न्हाई. सकाळी उठून ह्यांची घाण काढताना तुमच्या नावानं चार शिव्या घातल्या की माहा दिवस निघतो. आन् आता तुम्ही येऊन म्हणता, तुम्ही काहीच केलं न्हाई. मंग मी शिव्या कुणाला घालू? सांगा ना. एवढे शिकलात."

मच्छिंद्रनं तिच्या हातातलं पातेलं घेऊन लुगड्यात ठेवलं.

"हे परत तोंडातून काढू नका," ती म्हणाली. "मंदाला तर बिलकुल सांगू नका. उद्या ती इचारंल, मंग बाबा वर का बसल्ते. तुम्ही तिकडं पुण्यात ऱ्हाता. गाव काय म्हणतं त्यानं तुमचं काय बिघडतं? मला इथंच मरायचंय."

तेवढ्यात कुडाच्या दारातून शेजारची सगुणाबाई आली, आपली परात न्यायला. दोघांना समोरासमोर बसलेलं पाहून ती थबकली. पीएच.डी. झाल्यापासून मच्छिंद्र गावाला डाक्टरच होता. "काय म्हणत्यात डाक्टर?"

तुळजाबाईचा आवाज बदलला. रोजचा झाला. "काय म्हणणार? माणूस मोडून ठेवलं, आन् आता इचारून राह्यलेत, तब्येत कशी हाय."

सगुणाबाईनं परात काखोटीला मारली आणि मच्छिंद्रकडं नीट निरखून पाहिलं. "खरंच टोचलं व्हतं का हो, बाबा? कुणी कसं म्हणतं, कुणी कसं. म्हातारी तर देवच म्हणायची तुम्हाला."

लुगड्याची गाठ मारणारे तुळजाबाईचे हात पुन्हा थांबले होते. ती त्याच्याकडं पाहत नव्हती.

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला. "दिलं व्हतं."

सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. तुळजाबाईनं गाठ ओढून घट्ट केली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि भांडी परत करायला निघाली. दाराशी पोचल्यावर सगुणाबाईला म्हणाली, "ऐकलं ना आता? सोताच्या तोंडानं कबूल केलं."